इयत्तेनुसार दुःख

आमच्या शाळेत दुःखाचाही अभ्यासक्रम आहे आणि गणितासारखाच तो इयत्तेनुसार चढत जातो. शिशुवर्गाला काही नाही. योम हशोआच्या दिवशी, म्हणजे नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मरणदिनी, मोठी मुलं सभागृहात सहा मेणबत्त्यांसमोर उभी असतात तेव्हा छोट्यांना मागच्या मैदानावर सोडतात. त्यांचा आरडाओरडा आत ऐकू येत राहतो. खिडक्या लावून घ्याव्यात अशी सूचना मागे एकदा आली होती. कुणी लावल्या नाहीत. पहिली-दुसरीला दुष्ट माणसं भेटतात, पण फार जुनी: पुरिम सणातला हामान, पेसाह सणातला फारो. चौथी-पाचवीला डेन्मार्क. सहावीला घरी न्यायची प्रश्नावली. सातवीला अ‍ॅन फ्रँक. आठवीला वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमची सहल. तिथे मायदानेक छावणीतून आणलेल्या सुमारे चार हजार बूट-चपलांचा ढीग आहे. तोवर बसमध्ये दंगा घालणारी मुलं त्या खोलीत शिरली की आपापल्या बुटांकडे बघतात.

शाळा न्यू जर्सीत आहे. ज्यू डे स्कूल म्हणजे अर्धा दिवस हिब्रू, तोरा आणि प्रार्थना, उरलेला अर्धा दिवस गणित, विज्ञान, इंग्रजी, इतिहास. मी उरलेल्या अर्ध्यातली, इतिहासाची. ठाण्यात वाढलेली, घरात मराठी बोलणारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, बाई या शाळेत हा विषय शिकवते याचं पालकांना पहिल्या भेटीत नवल वाटतं. दुसऱ्या भेटीत ते मला चिकन करीची कृती विचारतात.

डेन्मार्कवर माझा थोडा राग आहे. देशावर नाही, अभ्यासक्रमातल्या त्याच्या जागेवर. १९४३च्या सप्टेंबरअखेरीस नाझींच्या धरपकडीची बातमी आधीच फुटली, आणि शेजारी, डॉक्टर, कोळी अशा सगळ्यांनी मिळून सात हजारांहून अधिक ज्यूंना होड्यांत घालून स्वीडनला पोचवलं. यावर लोइस लाउरींची ‘नंबर द स्टार्स’ ही सुंदर कादंबरी आहे आणि पाचवीला तीच वाचतात. मुलाला पहिल्यांदा या अंधारात न्यायचं तर हातात दिवा हवा, हे मला पटतं. पण दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात त्यामुळे पक्कं बसतं की संकट आलं की शेजारी होडी घेऊन येतात. मग सातवीत हॉलंड येतं. तिथे तीन-चतुर्थांश ज्यू मारले गेले. अ‍ॅनची डायरी १ ऑगस्ट १९४४ला थांबते, पकडापकडी तीन दिवसांनी होते, त्यामुळे तिचं मरण पुस्तकात नाही. ते शिक्षकाला सांगावं लागतं. बेर्गेन-बेल्सन, टायफस, वय पंधरा. पाचवीत शेजाऱ्यांवर विश्वास ठेवायला शिकलेली मुलं सातवीत विचारतात की मग इथले शेजारी कुठे गेले होते. डेन्मार्कच्या कोळ्यांनी पैसेही घेतले आणि अनेकांनी चांगलेच घेतले, हे मी पाचवीला आवर्जून सांगते. मोठ्या माणसांना ते लागतं, मुलांना लागत नाही. ‘होडी जप्त झाली असती तर?’ असं ती उलट मलाच विचारतात.

बाकी शिकवण्याची पद्धत आता बरीच शहाणी झाली आहे. एके काळी काही वर्गांत मुलांच्या छातीवर पिवळे तारे लावायचे, अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीने उभं करायचे, म्हणजे मालगाडीच्या डब्याची कल्पना यावी. असले खेळ करू नका, असं वॉशिंग्टनचं म्युझियमच आता शिक्षकांना सांगतं, आणि सहावीच्या आत हा विषय मुळात घेऊ नये असंही सुचवतं. जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेचं सांगणं असं की मुलाला या विषयात सांभाळून न्यावं आणि सांभाळून बाहेर आणावं. प्रेतांचे फोटो नाहीत. आकड्यापेक्षा एक माणूस, त्याचं गाव, त्याचं घर, मरणाआधीचं त्याचं आयुष्य. हे सगळं योग्य आहे. फक्त सांभाळून बाहेर आणलेली मुलं साडेतीन वाजता फाटकातून जातात तेव्हा तिथे पिस्तूल लावलेला पहारेकरी असतो. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा माणसं मारली गेली, त्यानंतर तो कायमचा आला. मुलं त्याला टाळ्या देत घरी जातात.

माझं स्वतःचं या विषयातलं शिक्षण ठाण्यात झालं, म्हणजे झालं नाही. आमच्या शाळेत एका कडक सरांचं टोपणनाव हिटलर होतं आणि त्यात कौतुकाचा भाग मोठा होता. ‘या देशाला एक हिटलरच पाहिजे’ हे वाक्य मी लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर ऐकलं आहे. बोलणारी माणसं वाईट नव्हती. त्यांना वेळेवर सुटणाऱ्या गाड्या हव्या होत्या. स्टेशनबाहेरच्या पुस्तकवाल्याकडे ‘माइन काम्फ’ व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असायचं. माझे बाबा त्याच्याकडून दिवाळी अंक घ्यायचे. ते त्या पुस्तकाकडे एकदा बघायचे, पैसे द्यायचे, निघायचे. घरी त्यावर कधी बोलणं झालं नाही. हे मी इथल्या सहकाऱ्यांना सांगितलं की त्यांना वाटतं मी थट्टा करते आहे.

सहावीची ती प्रश्नावली मात्र माझ्या घरातही आली, कारण मुलगी याच शाळेत आहे. ‘१९३३ ते १९४५ या काळात तुमचं कुटुंब कुठे होतं? त्यांच्यावर काय ओढवलं?’ खाली ओळी आखलेल्या. वर्गातल्या बहुतेकांच्या ओळी पुरत नाहीत, ती मागे कागद जोडतात: वूच, विल्ना, सालोनिका, मग छावण्यांची नावं. माझ्या मुलीने लिहायला घेतलं. कुटुंब कुठे होतं? ठाण्यात. पणजोबा काय करायचे? रेल्वेत कारकून. काय ओढवलं? तिने पेन्सिल चावत माझ्याकडे पाहिलं. युद्धात रॉकेल आणि साखर रेशनवर मिळायची, एवढंच मला आठवून सांगता आलं.

एक गोष्ट तिला मी लिहायला लावली. पणजोबांच्या आळीत एक रेडिओ होता आणि त्यावर सकाळी जी धून वाजायची, आकाशवाणीची ती अजूनही वाजणारी धून, तिचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. हा प्रागमध्ये शिकलेला ज्यू संगीतकार युरोपातल्या काळ्या ढगांपासून दूर म्हणून १९३४ साली मुंबईला आला आणि रेडिओत नोकरीला लागला. म्हणजे होलोकॉस्टची एक कड आमच्या आळीत रोज सकाळी ऐकू येत होती आणि चहा पिताना कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मुलीला हे आवडलं, तिने लिहिलं, शिक्षिकेने शेरा दिला, ‘खूप वेगळं!’ त्या शेऱ्यावर ती रात्री बराच वेळ अडून बसली. मग म्हणाली, “आई, आपल्याला कुणीच मारलं नाही. मग आपण बाकीच्यांइतके ज्यू आहोत ना?”

तिचा प्रश्न बिनबुडाचा नव्हता. आमच्याकडे सांगतात ती मूळकथा जहाज फुटण्याची आहे: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला सात जोडपी लागली, बाकीचे बुडाले, किनाऱ्यावर पुरले. पुढे शतकानुशतकं तेलघाणे. शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, आवासकर ही आडनावं गावांनी दिली आणि त्या गावांनी कधी आम्हाला हाकललं नाही. छळाची आठवण आमच्याकडे आली ती दूरची, मंदिर पाडलं गेल्याची, आणि तिचंही कोकणाने काय केलं पाहा. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्याचा दिवस, अव महिन्याची नवमी, जगभरचे ज्यू जमिनीवर बसून शोकगीतं वाचतात. आमच्या जुन्या माणसांत त्याचं नाव होतं बिरड्याचा सण. वालाच्या बिरड्यावरून. तिथी येते श्रावणाच्या आसपास, म्हणजे आजूबाजूच्या साऱ्या घरांत वाल भिजत पडलेले असतानाच. अमेरिकेतल्या शाळांची पंचाईत अशी की हा दिवस नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, म्हणून ज्यू परंपरेतला हा मुख्य दुःखाचा दिवस शाळेत शिकवलाच जात नाही. तो शिकतात उन्हाळी शिबिरात, पोहण्याचा तास रद्द करून. मला दोन्ही पद्धती सारख्याच विचित्र आणि सारख्याच माणसाळलेल्या वाटतात.

दुःखाचा इतिहास मुलांना कसा सांगावा याचा इलाज ज्यू लोकांना खरं तर याद वाशेमच्या फार आधी सापडला होता, आणि तो जेवणाच्या टेबलावर आहे. पेसाहच्या रात्री सेदेरला, म्हणजे सणाच्या विधिवत जेवणाला, गोष्टीची सुरुवात घरातल्या सर्वांत लहान पोराच्या प्रश्नांनी होते. आजची रात्र वेगळी का, हे त्याने विचारायचं. तोवर थोरांनी गुलामगिरीची गोष्ट सांगायची नाही. कडू पाला खायचा, मिठाचं पाणी चाखायचं, विटांमधला गारा म्हणून खजुराचा गोड लगदा खायचा. हगादेत, म्हणजे त्या रात्री वाचायच्या पोथीत, चार प्रकारची मुलं आहेत: शहाणं, खट, साधं आणि ज्याला विचारताच येत नाही ते. गंमत अशी की खट मुलालाही टेबलावरून उठवत नाहीत. त्याला फटकारतात, पण त्याची खुर्ची तिथेच असते. आणि मिसरच्या दहा संकटांची नावं घेताना प्रत्येकाला पेल्यातून द्राक्षरसाचा एक थेंब सांडतात, कारण मेलेले मिसरी शत्रू असले तरी आपला पेला तेवढा भरलेला नसावा. ही खूण मुलांना कुणी समजावून सांगितली नाही तरी बोटाला लागते.

माझ्या आजीची हगादा मराठी होती. १८४६ साली मुंबईत शिळाछापावर पहिली मराठी हगादा निघाली. १८७४ची पुण्यात छापलेली आहे, तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका मत्सा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची रोटी, भाजताहेत. त्या चित्राची मोठी प्रत मी वर्गात लावली आहे. एका मुलाने विचारलं होतं, या मिसरमधल्या बायका का? मी म्हटलं, नाही, ठाण्याकडच्या असाव्यात.

विचारता येतं म्हणून सेदेरच्या रीतीवर माझा विश्वास आहे, आणि वर्षातून एकदा मी ती सातवीवर मनापासून वापरते. वॉर्सामधले डॉक्टर, लेखक आणि अनाथाश्रमाचे चालक यानुश कोरचाक यांनी १८ जुलै १९४२ला, घेट्टोच्या भिंतीआड, आश्रमातल्या मुलांकडून रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ करून घेतलं. चारच दिवसांनी घेट्टोतून मोठी हद्दपारी सुरू झाली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोरचाक सुमारे दोनशे मुलांना घेऊन ट्रेब्लिंका मृत्युछावणीच्या गाडीकडे चालत गेले. स्वतःला वाचवण्याच्या संधी त्यांना आल्या होत्या, त्या त्यांनी नाकारल्या. बंगालीत १९१२ साली निघालेलं नाटक, खिडकीशी बसलेला आजारी अमल, दहीवाला, पहारेकरी, राजाच्या पत्राची वाट. अमल शेवटी झोपतो. मुलांना मरण शांतपणे स्वीकारता यावं म्हणून कोरचाकांनी हे नाटक निवडलं, असं सांगितलं जातं.

मी हा भाग सांगून थांबते. दर वर्षी वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो, हे क्रूर आहे. मरणाऱ्या मुलांना मरणाऱ्या मुलाचं नाटक का द्यायचं? दुसरा म्हणतो, त्यांना घेट्टोत रस्त्यावर प्रेतं दिसतच होती, लपवण्यासारखं उरलं काय होतं? एक मुलगी मात्र म्हणाली, की ते मरणाबद्दलचं नाटक नाहीच, अमलला बाहेर जायचं आहे त्याबद्दलचं आहे, म्हणून मुलांना आवडलं असेल. दहीवाला व्हायला कुणाला आवडणार नाही? पुढची दहा मिनिटं सगळे कुणाची भूमिका हवी यावर भांडले. मी भांडू दिलं. प्रेतांचे फोटो न दाखवता दोनशे मुलं त्या वर्गात आली ती अशी.

हे सगळं सांगायला सोपं जातं, कारण दुष्ट बाहेरचा आहे. मुलांना गणवेश दिसतो, बूट दिसतात, कुत्रे दिसतात. मुलीच्या त्या प्रश्नानंतर मला आमचा जो इतिहास तिला सांगावासा वाटला, त्यात गणवेश नाहीत.

माझी मोठी आत्या १९५०च्या दशकात इस्राएलला गेली. देश नवा, तंबूंची वसाहत, वाळवंट. आधीच्या खेपेला गेलेल्यांपैकी काही बेने इस्राएल कुटुंबांनी १९५१-५२ साली धरणं धरून आम्हाला परत भारतात पाठवा अशी मागणी केली होती, आणि त्यातले काही खरोखरच परत आलेही. त्यांची तक्रार कामाची, घराची आणि रंगाची होती. पण खरा घाव नंतरचा. बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या रब्बींपासून दूर कोकणात राहिले, त्यांच्यात घटस्फोट आणि विधवेच्या लग्नाचे नियम धर्मशास्त्राप्रमाणे पाळले गेले होते का, अशी शंका काही रब्बींनी काढली. १९६२मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सूचना काढली: बेने इस्राएल व्यक्ती दुसऱ्या ज्यूशी लग्न करत असेल तर तिच्या पूर्वजांची जमेल तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करा. आत्याच्या शेजारचा मुलगा मोरोक्कोहून आलेल्या मुलीशी लग्न करणार होता. त्याच्याकडे आजोबांच्या आईच्या लग्नाचा दाखला मागितला. नवगाव-रेवदंड्याच्या वाडीत तेलघाणा चालवणाऱ्या बाईच्या लग्नाचा दाखला!

१९६४च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल जेरुसलेममध्ये धरण्याला बसले. आत्या बसली होती. तिच्याकडे त्याचा फोटो होता, नऊवारी नेसलेल्या बायका, मांडीवर पोरं, मागे हिब्रू फलक. सत्याग्रह कसा करायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ऑगस्टमध्ये सरकार हललं, बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत असं पंतप्रधान लेव्ही एश्कोल संसदेत बोलले आणि महिनाअखेर त्या सूचनेतून आमचं नाव निघालं. आत्याचा राग मात्र निघाला नाही. मराठीत भांडायची, हिब्रूत दुकानात हिशेब करायची, आणि तरी इस्राएल सोडून परत ये म्हटलं तर आमच्यावरच चिडायची. दुःख देणारे तिला परके वाटत नव्हते, म्हणून ते संपतही नव्हतं.

ही गोष्ट मी सातवीला सांगितली, प्रश्नावलीचाच पुढचा भाग म्हणून. फोटो दाखवला. वर्ग आधी गोंधळला. साठ लाखांच्या शेजारी एक लग्नाचा दाखला ठेवायचा का, असं एकाने विचारलं, आणि ते बरोबर होतं. शेजारी ठेवायचा नाही, वेगळ्या कप्प्यात ठेवायचा, असं मी म्हटलं. एकाने विचारलं की रब्बी वाईट होते का. मी म्हटलं, त्यांना नियम वाचवायचा होता. मागच्या बाकावरचा एरवी चित्रं काढत बसणारा मुलगा म्हणाला, “मग आपण असं आणखी कुणाशी वागलो?”

चार मुलांपैकी हा कोणता, मला ठरवता आलं नाही. खट नसावा. मी त्याला खरं तेवढं सांगितलं. येमेनसह अरब देशांतून आलेल्या ज्यूंनाही सुरुवातीला दुय्यम वागणूक मिळाली. १९४८च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरं सोडून गेले किंवा हाकलले गेले, आणि त्यांना परतता आलं नाही. त्याच सुमारास आणि नंतरच्या वर्षांत अरब देशांतून लाखो ज्यूही घरं सोडून निघाले. दोन्ही घडलं. एक सांगून दुसरं वजा होत नाही, हे मी फळ्यावर दोन वेगळ्या रकान्यांत लिहिलं आणि मध्ये बरोबरीचं चिन्ह घातलं नाही.

त्या आठवड्यात शाळेत मेल आल्या. काही आभाराच्या, काही रागाच्या. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसं मारली गेली, त्यांत इथल्या काही घरांच्या नात्यातली होती. नंतर गाझात जे झालं ते रोज टीव्हीवर. अशा दिवसांत हे उकरून काढायची काय गरज, असं एका आईने लिहिलं. तिचं दुःख ताजं आहे, तिच्याशी वाद घालावा असं मला वाटलं नाही. पण मुलगा विचारून बसला होता आणि तेही तिच्याच मुलाच्या वर्गात. उत्तर सुट्टीत शिबिरात मिळेल असं त्याला सांगता येत नव्हतं.

मुख्याध्यापिका शहाण्या आहेत. त्यांच्या घरची माणसं विल्नाची, प्रश्नावलीला मागे चार कागद जोडलेले. त्यांनी मला रागावलं नाही. बेने इस्राएलांचा धडा त्यांना आवडला, तो पुढच्या वर्षापासून अभ्यासक्रमात बसवायचं त्यांनी ठरवलं, आणि त्या मुलाच्या प्रश्नासाठी म्हणून आठवीला वेगळा एक तास दिला. कुठे बसतो हे बघायला त्यांनी वेळापत्रक काढलं. वॉशिंग्टनची सहल झाल्यानंतर, मेमध्ये, गुरुवारी शेवटचा तास. गुरुवारी शेवटच्या तासाला निम्मा वर्ग सॉफ्टबॉलच्या सामन्यांना गेलेला असतो आणि तो मुलगा संघात आहे. मी मंगळवार मागितला आहे. मंगळवारी तोराचा तास आहे, तो देणारे रब्बी तयार आहेत का, ते अजून कळायचं आहे.